सिस्टरच्या अंगणातली काडी

आल्डवीरमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री ज्याच्या अंगणातून काही उचललं जात नाही, त्यानं खुशाल समजावं की गाव आपल्याला मोजत नाही. असं कुठं लिहिलेलं नाही. पण आमच्याकडे लिहिलेल्यापेक्षा न लिहिलेलंच जास्त पाळलं जातं. त्या रात्री गावातली तरणी पोरं-पोरी बाहेर पडतात आणि जे जे जमिनीला खिळलेलं नाही ते ते ओढत नेऊन चर्चपुढच्या मोकळ्या जागेत रचतात. ढकलगाड्या, फाटकं, बाकं, दुधाचे कॅन, लहान होड्या. एका वर्षी तर पाद्रीबुवांच्या परसातलं संडासाचं अख्खं खोपटं नेलं होतं, आणि नशीब म्हणायचं की पाद्रीबुवा आत नव्हते. नियम दोनच, मोडायचं काही नाही आणि मालकानं पकडलं तर मुकाट्यानं जागच्या जागी नेऊन ठेवायचं. नव्या वर्षाच्या सकाळी सगळं गाव तिथं जमतं, आपापलं सामान हुडकतं, पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं आणि खुशीत घरी जातं.

आणि सिब्रिखच्या अंगणातून उभ्या हयातीत एक बादलीसुद्धा गेली नव्हती.

सिब्रिख म्हणजे आमची सिस्टर. तिचं नाव घेऊन हाक मारणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत, बाकी सगळ्या गावाला ती सिस्टरच. नर्सचं शिक्षण पुरं करून, काळी बॅग सायकलला लावून ती इथं आली तेव्हा ऐन तरुण होती. आली कुठून, तर लित्सेवीरहून. आता लित्सेवीर म्हणजे काही लांब नाही. कालवा ओलांडला की आलंच. वारा पश्चिमेचा असला की त्यांच्या चर्चची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. पण आल्डवीरकरांच्या लेखी कालव्यापलीकडचा सगळा परदेश. लित्सेवीरचे लोक दूध मोजताना अंगठा मापात बुडवतात, असं आमच्या आज्या सांगत आल्या आणि आम्ही ऐकत आलो. त्यामुळं सिब्रिख पहिल्यांदा दुकानात गेली तेव्हा दुकानदारीण म्हणाली, "लित्सेवीरची का? असू दे, असतं एकेकाचं."

तिनं ते मनावर घेतलं नाही. म्हणजे तेव्हा घेतलं नाही.

आमचं गाव टेकाडावर आहे. समुद्राला बांध नव्हता त्या काळात लोकांनी शेण, चिखल, राख टाकून टाकून पायाखालची जमीन उंच केली आणि त्यावर घरं बांधली. पुढं बांध आले, पाणी हटलं, आणि आमच्या पणजोबांच्या डोक्यात आलं की ही माती म्हणजे सोनं आहे. बाहेरच्या शेतकऱ्यांना खत म्हणून त्यांनी ती होड्या भरभरून विकली. लोक माती खातात, आमच्या पणजोबांनी माती विकली. टेकाड खणत खणत थेट चर्चच्या भिंतीपाशी आले तेव्हा जुन्या माणसांची हाडं निघायला लागली आणि कुणीतरी म्हणालं, आता पुरे. म्हणून आमचं चर्च आज असं अर्ध्या कापलेल्या पावाच्या कडेला बसल्यासारखं दिसतं. अर्धं आल्डवीर दुसऱ्यांच्या बटाट्यांखाली पसरलंय. पण उरलेल्या अर्ध्याचा आम्हांला अभिमान केवढा, विचारू नका.

सिब्रिखचं घर त्या कापलेल्या बाजूच्या पायथ्याशी. ते तिच्या नवऱ्याचं, रोमकेचं. रोमके इथलाच, गावच्या डेअरीत लोणी काढायचा. लग्नाची मागणी त्यानं घातली ती हिवाळ्यात, गोठलेल्या कालव्यावर, बर्फावर घसरायची बुटांखालची पाती काढता काढता. म्हणाला, "तुझी सायकल पावसात भिजते. माझ्याकडे शेड आहे."

सिब्रिखनं विचारलं, "शेड कोरडी आहे का?"

"छप्पर मीच घातलंय."

झालं. आमच्याकडे याहून जास्त बोलून लग्न केलेली माणसं फारशी नाहीत, आणि जी आहेत त्यांचं फार चांगलं चाललंय असंही नाही.

मग पुढची सगळी वर्षं ती सायकल आल्डवीरच्या रस्त्यांवर दिसत राहिली. बाळंतपणं, भाजलेले हात, खिळा रुतलेले पाय, म्हाताऱ्यांच्या पाठीच्या जखमा. बोलणं थोडं, हात गरम. बाळ झालं की घरचे टोस्टला लोणी फासून त्यावर बडीशेपेच्या साखरगोळ्या पसरतात आणि आल्यागेल्याला देतात. सिब्रिखनं ते टोस्ट इतक्या घरी खाल्ले की नंतर नंतर बडीशेपेचा वास आला की तिचे हात आपोआप बाह्या वर सारायला लागायचे. तिला एकच मूल, मारिट. तीही कामाच्या गडबडीतच झाली. सिब्रिख शेजारणीच्या पायाला पट्टी बांधून घरी आली आणि तासाभरात मोकळी झाली.

सुखाचा संसार होता, यात शंका नाही. रोमकेच्या अंगाला ताकाचा वास यायचा आणि तिच्या अंगाला औषधी साबणाचा, आणि दोघं एकमेकांच्या वासाची तक्रार करत सुखानं झोपायचे. फक्त वर्ष संपत आलं की सिब्रिखचं काहीतरी बिनसायचं.

सुरुवातीला तिच्या लक्षातही आलं नव्हतं. नव्या वर्षाच्या सकाळी रोमके हातात पिठाचे गरम तळलेले गोड गोळे घेऊन चर्चपुढं जायचा, लोकांची फजिती बघायचा आणि परत येऊन सांगायचा, अमक्याची होडी झाडावर आहे, तमक्याच्या गोठ्याचं दार कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. मग एका वर्षी तिनं सहज विचारलं, "आणि आपलं?"

"आपलं काय?"

"आपलं काही नेलं नाही?"

रोमकेनं अंगणात पाहिलं. "नाही वाटतं. बरं झालं की."

बरं झालं? सिब्रिखनं हातातला गोळा तसाच ताटलीत ठेवला. पुढच्या वर्षी तिनं ढकलगाडी मुद्दाम फाटकाशी ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षी हिरवा रंग दिलेलं बाक रस्त्याच्या कडेलाच आणून ठेवलं. रोमके खिडकीतून बघत म्हणाला, "अगं, एवढं पुढं ठेवलंस की आता पोरं अडखळून पडतील. मग तूच पट्ट्या बांध."

"पडू देत."

पण पोरं पडली नाहीत आणि बाकही हललं नाही. उजवीकडच्या घरातून गेलं, डावीकडच्या घरातून गेलं, मधलं सिब्रिखचं अंगण तसंच्या तसं. पंगतीत वाढपी आपल्याला वगळून पुढं गेला की जसं वाटतं, तसं तिला दर वर्षी वाटायचं. ती कुणाला बोलली नाही. बोलणार काय? "माझ्याकडे चोरी करा" म्हणून कुणी सांगत फिरतं का? तिनं मनाशी गाठ मारून ठेवली की, बाई, तू गावाची बाळंतपणं करशील, गावाची दुखणी काढशील, पण तू लित्सेवीरची. उपरी ती उपरीच.

गाव मात्र बदलत होतं. डेअरी बंद झाली, दुकान गेलं. शाळेत इतकी थोडी मुलं उरली की तीही एक दिवस बसनं मोठ्या गावाला जायला लागली. सिब्रिख निवृत्त झाली आणि तिच्या जागी मोटारीतून फिरणारी कुणी दुसरी आली, तिचं नाव कुणाला पाठ झालं नाही. आणि मग एका वसंतात रोमके गेला. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, चर्चभोवती तीन फेऱ्या घातल्या आणि टेकाडाच्या उरलेल्या मातीत ठेवलं.

मारिट लेवार्डनला, शहरात राहायची. तिनं आईसाठी तिथं जागा पाहून ठेवली, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट, खाली बाग, पलीकडच्या गल्लीत मारिटचं घर. डिसेंबरात तिचा फोन आला.

"आई, ते लोक थांबायला तयार नाहीत. नव्या वर्षाच्या दिवशी मला काय ते सांग. हो किंवा नाही."

"सांगते."

"नाही म्हणणार असशील तर कारण सांग. नुसतं 'इथं बरं आहे' नको. तिथं कोण आहे आता तुझं?"

सिब्रिखनं फोन ठेवला. रात्री पडल्या पडल्या तिनं स्वतःशी पैज लावली. या वर्षी अंगणातून काही गेलं, अगदी पायपुसणं का होईना, तर राहायचं. नाही गेलं तर लेवार्डन. वेडेपणा आहे हे तिलाही कळत होतं. पण माणूस शहाणपणानं कुठं राहतं? जिथं आपलं कुणी म्हणतं तिथं राहतं.

म्हणून वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिनं शेडमधून रोमकेच्या आईची जुनी बर्फगाडी बाहेर काढली. लाकडाची, बर्फावरून ढकलत न्यायची, लाल-निळ्या नक्षीची, हंसाच्या मानेसारखं टोक असलेली. अशी वस्तू गावात दुसरी नाही. तिनं ती पुसली, तेल लावलं आणि फाटक सताड उघडं टाकून ऐन मध्यावर ठेवली.

कुंपणापलीकडून शेजारचा च्यालिंग बघत होता. च्यालिंग म्हणजे म्हातारा झालेला शेतकरी. शेत पोरांना देऊन, कालव्याकाठचं घर सोडून सिब्रिखच्या शेजारी राहायला आला होता. तोंडात कायम विझलेला पाइप.

"विकायला काढलीस का?" तो म्हणाला.

"हवा खायला काढलीय."

"आज? आज रात्री पोरं हिंडतात."

"हिंडू देत."

च्यालिंगनं तिच्याकडे पाहिलं, बर्फगाडीकडे पाहिलं आणि पाइप काढून पुन्हा तोंडात घातला. "माझं कोंबड्यांचं खुराडं मी यंदा साखळीनं बांधलंय," तो म्हणाला. "बघू काय करतात मेले."

सिब्रिखला त्याचा असा हेवा वाटला की बोलायची सोय नाही.

ती लवकर झोपली, आणि मुद्दाम कानावर पांघरूण घेऊन झोपली.

सकाळी दार उघडलं तर बारीक भुरभुर चालू होती. बर्फगाडी अंगणाच्या मध्यावर नव्हती. सिब्रिख चपला न घालताच पायरी उतरली, आणि मग तिला दिसलं. बर्फगाडी घराच्या भिंतीला लागून, वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशी नीट उभी करून ठेवली होती. फाटक लोटून कडी घातलेली. कलंडलेली बादलीसुद्धा कुणीतरी सरळ केली होती.

म्हणजे ते आले होते. येऊन, बघून, आवरून गेले होते.

सिब्रिख पायरीवर बसली आणि रडली. रोमके गेल्यावर रडली नव्हती इतकी रडली. तिला राग आला होता, लाज वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त वाईट याचं वाटत होतं की या वयात आपल्याला असल्या गोष्टीचं रडू येतं. मग ती उठली, तोंड धुतलं, फोनपाशी गेली, आणि हात तसाच मागे घेतला. "आधी जाब विचारते," ती रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली. "जाण्याआधी एकदा तोंडावर विचारते."

चर्चपुढं नेहमीसारखी जत्रा होती. ढीग घराएवढा. च्यालिंगचं खुराडं साखळीसकट, कोंबड्यांसकट आलं होतं आणि ढिगाच्या वर बसवलं होतं. कोंबड्या वरून गाव बघत होत्या. च्यालिंग खाली उभा राहून पोरांना शिव्या देत होता आणि एवढा खूश होता की पाइप उलटा तोंडात घातलाय याचा त्याला पत्ता नव्हता. त्याची नात हिस्के यंदा पोरांची म्होरकी. उंचीपुरी, कमरेवर हात, ज्याचं त्याला सामान उतरवून देत होती. बायका साखरपाव कापत होत्या, पुरुषांच्या हातात कडू दारूचे चिमुकले पेले.

सिब्रिख सरळ हिस्केपुढं जाऊन उभी राहिली.

"माझ्या अंगणाला रोग लागलाय का?"

हिस्के गोंधळली. "नाही सिस्टर. का? काही हललं का? मी सांगितलं होतं त्यांना, फक्त बर्फगाडी आडोशाला करा, भिजेल म्हणून. ओरखडा आला का?"

"ओरखडा नाही आला. तेच विचारतेय. ह्याच्या घरचं नेता, त्याच्या घरचं नेता. कोंबड्यासुद्धा नेता. माझंच का नाही?"

हिस्केनं आजूबाजूला पाहिलं, जणू प्रश्नच तिला कळला नव्हता.

"सिस्टर, तुमच्याकडचं न्यायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"नियमच आहे. पहिल्यांदा बाहेर पडतो तेव्हा मोठे सांगतात. मोडायचं नाही. पकडलं तर परत ठेवायचं. आणि सिस्टरच्या अंगणातली काडीही हलवायची नाही."

"का?"

"ते कुणी सांगत नाही. आम्हीही विचारलं नाही." तिनं खांदे उडवले. "तुमचं तुम्हांला माहीत असेल, असं वाटायचं."

तेवढ्यात च्यालिंगनं पाइप काढला. तो उलटा आहे हे त्याला आत्ता दिसलं.

"सिप्केनं घातला तो नियम," तो म्हणाला.

सिप्के म्हणजे च्यालिंगचा धाकटा भाऊ. फार वर्षांपूर्वी कॅनडात गेला तो तिकडचाच झाला.

"तुझा पहिला हिवाळा आठवतो?" च्यालिंगनं विचारलं. "आमची थोरली झाली ती रात्र. या हिस्केची आई."

आठवत का नव्हतं. वर्षाची शेवटची रात्र, कडाक्याची थंडी, आणि च्यालिंगचं शेत गावाच्या पार टोकाला, कालव्याकाठी. निरोप आला तशी सिब्रिखनं बॅग उचलली आणि बाहेर आली तर भिंतीला टेकवलेली सायकल नाही. शोधत बसायला वेळ नव्हता. ती गोठलेल्या कुरणांतून पळत सुटली. एका चरावरचा बर्फ फुटला, गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली, निघाली, पुन्हा पळाली. पोचली तेव्हा बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे तिनं त्या घरात कधी कुणाला सांगितलं नाही.

"त्या रात्री माझी सायकल मिळाली नव्हती," सिब्रिख सावकाश म्हणाली. "सकाळी परत आले तर भिंतीलाच टेकवलेली होती. मला वाटलं, घाईत मलाच दिसली नाही. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर म्हणाला असतात, लित्सेवीरची आहे, आंधळी असणारच."

"म्हणालो असतो," च्यालिंगनं कबूल केलं. "पण सायकल तिथं नव्हती. ढिगाच्या टोकावर होती. सिप्केनंच चढवली होती. नवी सिस्टर, नवी सायकल, पोरांना गंमत. उजाडता उजाडता मी त्याला सांगायला आलो, मुलगी झाली, आणि सिस्टर पळत आली, मोजे फाटलेले, पाय रक्ताळलेले. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. वर चढला, सायकल उतरवली, पुसली, हवा भरली आणि तू यायच्या आत भिंतीला टेकवून आला. मग सगळ्या पोरांना गोळा करून म्हणाला, सिस्टरच्या अंगणातली काडीही हलवायची नाही. गावाला तिची केव्हा गरज लागेल सांगता येत नाही."

वरून एक कोंबडी तेवढी बोलली.

"आणि मला कुणी सांगितलं नाही," सिब्रिख म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? तू पळालीस. आम्ही पुन्हा सायकल हलवली नाही. झालं."

"इतकी वर्षं, च्यालिंग! कुंपणाला कुंपण लावून राहतोस."

"तू कधी विचारलंस?"

दुसऱ्या कुठल्या गावानं आभार मानले असते, फुलं दिली असती, सत्कार केला असता. आमचं गाव असलं दळभद्री की माणसाला डोक्यावर बसवतं आणि त्या माणसालाच कळू देत नाही. पोरांच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, कारण विसरले, पण नियम विसरले नाहीत. आणि जिच्यासाठी नियम, ती बिचारी दर नव्या वर्षाला आपल्याला गावानं वाळीत टाकलंय म्हणून उशीत तोंड खुपसते.

"मला वाटायचं, मी तुमची नाही," सिब्रिख म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिनं तो लपवला नाही. "इतकी वर्षं मला हेच वाटायचं, मेल्यांनो."

आल्डवीरकर आपापल्या बुटांकडे बघायला लागले. असल्या वेळी आम्ही सगळे बुटांकडेच बघतो. हिस्केला मात्र तेवढी अक्कल नव्हती, ती सरळ सिब्रिखकडे बघत राहिली.

"सिस्टर, माझ्या आईला तुम्ही हातात घेतलं. मला घेतलं. इथं उभे आहेत त्यांतल्या निम्म्यांना घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही गावच्या नाही, तर मग आम्ही कुठले?"

सिब्रिखनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पुसून झाल्यावर तिच्यातली सिस्टर जागी झाली.

"ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण मी निवृत्त झालेय. मला आता कोण बोलावतंय? नियम रद्द करा."

"आत्ता?" हिस्के म्हणाली.

"आत्ता नाही तर केव्हा?"

"असा एकदम नियम कसा मोडायचा?" च्यालिंग म्हणाला. "सभा घ्यावी लागेल. आणि सिप्केला विचारावं लागेल. नियम त्याचा."

हे तो थट्टेनं म्हणाला असेल असं तुम्हांला वाटेल. मुळीच नाही. जानेवारीत खरोखर सभा झाली, गावच्या सभागृहात, कॉफी आणि केकसकट. कुणी म्हणालं, जुनी प्रथा आहे, मोडू नये. कुणी म्हणालं, निदान सायकल तरी वगळा. सिब्रिख उठून म्हणाली, "सायकलसुद्धा." कॅनडात फोन लावला. सिप्के आता तिकडं नातवंडांचा आजा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिस्टर म्हणेल तसं करा. आणि तिला विचारा, पायांना आता बरं आहे ना." कागदावर काही लिहिलं नाही. हात वर झाले, खाली आले, नियम गेला.

मारिटला तिनं नव्या वर्षाच्या दुपारीच फोन केला होता.

"नाही येत मी," ती म्हणाली.

"कारण?"

"पुढच्या वर्षी पोरं माझं अंगण रिकामं करणार आहेत. सभेत मंजूर व्हायचंय अजून, पण होईल."

"आई," मारिट म्हणाली, "कुणीतरी तुझी ढकलगाडी चोरावी म्हणून तू लिफ्टची जागा सोडतेयस?"

"चोरणार नाहीत, ओढून नेणार. तू तर इथं वाढलीस, तुला फरक कळायला हवा."

मारिट हसायला लागली आणि मग बहुतेक थोडी रडलीही, पण तीही आल्डवीरचीच, तिनं ते फोनवर कळू दिलं नाही.

ते वर्ष सिब्रिखनं मजेत काढलं. तिनं बटाटे लावले, गुडघा दुखला की च्यालिंगला दोष दिला आणि हिस्के दिसली की "लक्षात आहे ना?" एवढंच विचारलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिनं काही बाहेर काढून ठेवलं नाही. उलट सगळं आत नेलं, शेडला कुलूप लावलं, फाटकाला दोरीच्या गाठी मारल्या. च्यालिंग कुंपणावरून म्हणाला, "आता का घाबरलीस?"

"सोपं करून देते की काय त्यांना?" सिब्रिख म्हणाली.

सकाळी तिनं दार उघडलं आणि पाय तिथंच थांबला. फाटक नव्हतं. फाटकाचे खांबही नव्हते. बाक, पाण्याचं पिंप, कपडे वाळत घालायच्या काठ्या, दोरी, दोरीचे चिमटे, दारातलं पायपुसणं, काही म्हणजे काही नव्हतं. शेड उघडी, कुलूप न फोडता उघडलेली, आणि आत फक्त कोळ्याची जाळी. अंगण असं स्वच्छ की पहिल्यांदा तिला ते किती मोठं आहे ते दिसलं.

ती टेकाड चढून गेली तेव्हा अख्खं गाव जमलं होतं. तिचा माल ढिगात सगळ्यांत वर होता, निशाणासारखी तिच्या पलंगावरची चादर काठीला बांधलेली. चादर काल संध्याकाळी वाळत होती, तेवढी एक ती आत न्यायला विसरली होती.

"अरे गाढवांनो," सिब्रिख टेकाडाच्या टोकावरून म्हणाली, "फाटकाचे खांब उपटतात का कुणी? हेच शिकवलं का आईबापांनी? त्यांना मी जगात आणलं तेव्हाच कान धरायला हवे होते!" ती बोलत राहिली, दम लागेपर्यंत बोलत राहिली, आणि च्यालिंग शेजारी उभा राहून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. "आजकालची पोरं," तो म्हणाला. "आजकालची पोरं," सिब्रिख म्हणाली.

हिस्के ट्रॅक्टरवरून उतरून जवळ आली. रात्रभर जागून डोळे लाल झाले होते.

"सिस्टर, तुमचं सामान आधी पोचवून देऊ का? पाऊस येईल."

सिब्रिखनं ढिगाकडं पाहिलं. मग गावाकडं, मग पुन्हा ढिगाकडं.

"काही घाई नाही," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत राहू दे तिथंच. लोकांना दिसू दे."